एक जूनची मुलं

माझ्या पिढीतल्या खेड्यातल्या माणसाला जन्मतारीख विचारा, पुष्कळदा उत्तर येतं, १ जून. माझीही तीच. अम्मी सांगायची, “तू दुष्काळातला, रोजे चालू असताना झालास.” मास्तरांनी शाळा जूनमध्ये उघडते हे पाहून दाखल्यावर तारीख घातली. माझं त्यानं काही अडलं नाही.

पण हाच मुलगा आसऱ्यासाठी परक्या देशाच्या दारात उभा राहिला असता तर?

ब्रिटनमध्ये अफगाणिस्तानातून एकटी आलेली कित्येक मुलं अशीच उभी राहिली. वय अठराच्या आत ठरलं तर नगरपालिकेचा सांभाळ आणि शाळा मिळते. वर ठरलं तर मोठ्या माणसांत राहावं लागतं. अफगाण सौर वर्ष मार्चमध्ये, नवरोजला सुरू होतं. तिथल्या ओळखपत्रावर, म्हणजे तजकिऱ्यावर, अनेकदा ‘अमुक साली इतक्या वर्षांचा’ एवढंच लिहिलेलं असतं. दुभाष्यानं सालाचा हिशेब चुकवला की मुलगा खोटारडा ठरतो.

मग हाताचा एक्स-रे काढावा का? त्यासाठी वापरलं जाणारं एक प्रसिद्ध पुस्तक ग्रॉयलिख आणि पाइल यांचं. त्याची १९५९ची आवृत्ती अमेरिकेतल्या सुस्थितीतल्या गोऱ्या मुलांच्या हाडांवर बेतलेली आहे. शिवाय एकाच वयाच्या दोन मुलांची हाडं दोन-दोन वर्षं मागंपुढं असू शकतात.

लंडनच्या मर्टन नगरपालिकेच्या प्रकरणात २००३ साली उच्च न्यायालयानं सांगितलं, की अगदी उघड बाब असेल ती सोडून नुसत्या चेहऱ्यावरून वय ठरवू नका. घर, शाळा, प्रवास यांबद्दल विचारा. शंका आली तर ती त्याला सांगा, उत्तर द्यायची संधी द्या आणि निर्णयाची कारणं द्या. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की वय ही वस्तुस्थिती आहे. वाद झाला तर न्यायालय ते स्वतः ठरवील.

मोठा माणूस मुलांत शिरला तर मुलांना धोका असतो, हे खरंच. म्हणून तर चौकशी नीट हवी. पण सगळं तपासूनही शंका उरली, तर तिचा फायदा मुलाला मिळावा. मुलाला चुकून मोठ्यांत ढकललं, तर त्याची गेलेली वर्षं परत येत नाहीत.

माझ्या दाखल्यावरची तारीख आजही चुकीचीच आहे. म्हणून अम्मी खोटं बोलत नव्हती.