हाताचे जुने वळण
(गिटार पुन्हा नव्याने : लेखांक सहावा)

गेल्या आठवड्यात बैठक आणि गिटार धरण्याची पद्धत पाहिली. आज डाव्या हाताकडे येऊ. हा हात नवशिक्याचा नाही, वर्षानुवर्षे वाजवून झाल्यावर पाया नव्याने घालू पाहणाऱ्याचा आहे, आणि म्हणूनच काम अधिक अवघड आहे. स्वतःच्या मनाने शिकलेल्या अनेकांचे बोट दोन फ्रेटच्या मधोमध पडते. तिथे सूर खरखरतो, मग तो स्वच्छ यावा म्हणून तार जोरात दाबली जाते. तेच बोट फ्रेटच्या पट्टीला खेटून, तिच्या किंचित मागे ठेवले तर बराच कमी जोर पुरतो. तारेची लांबी ६५० मिलिमीटर असलेल्या शास्त्रीय गिटारवर पहिल्या फ्रेटचे अख्खे घर जेमतेम साडेछत्तीस मिलिमीटरचे असते. बोटाला किती कष्ट पडणार हे तेवढ्या जागेत ठरते. हे समजायला दोन मिनिटे लागतात, करून पाहिले की जमतेही. पण ओळखीचे गाणे सुरू झाले की बोट परत मधोमध जाते. जुनी सवय पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवी उभी करावी लागते, आणि घाई झाली की हात जुनीच उचलतो.

संथ रियाज हवा तो एवढ्यासाठी. मेट्रोनोम ६० वर ठेवून ठोक्याला एक सूर वाजवला, तर प्रत्येक सुराला पूर्ण एक सेकंद मिळतो. १२० वर ठोक्याला चार सूर घेतले की एका सुराच्या वाट्याला सेकंदाचा आठवा भाग येतो. काही बिघडले हे जाणवून हाताने दुरुस्ती सुरू करायलाच माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. म्हणजे जलद वाजवताना त्या सुरापुरती निवड उरतच नाही, बोट सवयीने पडते. संथ लयीत मात्र बोट कुठे ठेवायचे हे दर वेळी ठरवता येते. माउरो ज्युलियानी या इटालियन गिटारवादकाने १८१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पद्धतीत उजव्या हातासाठी १२० पाठ दिले, पण डाव्या हाताला त्यांत जवळपास दोनच कॉर्ड ठेवल्या. एका हाताचे काम इतके सोपे केले की सारे लक्ष दुसऱ्याकडे जावे. लय उतरवण्यामागेही हाच विचार आहे.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. घोड्याची चाल आणि दौड वेगळी असते, तशी संथ हालचाल म्हणजे जलद हालचालीचीच लांबवलेली प्रत नव्हे. मग हळू घटवलेले वेगात कसे उतरणार? मुद्दा खरा आहे, पण तो बोट रेंगाळवत नेण्याच्या सवयीला लागू पडतो. संथ ठेवायचा तो दोन सुरांमधला अवकाश. बोट नेमके आणि चपळच पडले पाहिजे, त्यानंतर थांबायचे. अधूनमधून चारच सूर पूर्ण वेगात वाजवून पुन्हा संथ लयीला यावे, हेही मला आवश्यक वाटते. दुसरा आक्षेप वयाचा. मुरलेला हात बदलत नाही, असे म्हणतात. फ्रान्सिस्को तारेगा यांनी मात्र आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत नखे सोडून बोटांच्या मांसल टोकांनी वाजवायला सुरुवात केली. नावाजलेल्या वादकाने आपला नादच बदलला. जँगो राइनहार्टचे उदाहरण नेहमी दिले जाते. १९२८ मध्ये गाडीला लागलेल्या आगीत त्याच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी जायबंदी झाली, आणि उरलेल्या दोन बोटांवर त्याने आपले वादन नव्याने उभारले. पण त्याच्यापुढे जुनी वाट बंदच झाली होती. आपला धडधाकट हात ती दर वेळी उघडी ठेवतो, म्हणून लयीचे बंधन आपणच घालून घ्यावे लागते.

रोज मेट्रोनोम दोन-चार अंकांनी वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला पटत नाही, कारण त्यात वेगाची नोंद होते, जोराची होत नाही. या आठवड्यात एकाच तारेवर, पाचव्या फ्रेटपासून चार घरे घ्या. पट्टीच्या मागे बोट नुसते टेकवून तार छेडा. सूर मुका येईल. दाब थोडा थोडा वाढवत न्या, खरखर येईल, आणि ती थांबताक्षणी तिथेच थांबा. लागणारा जोर तेवढाच. अंगठा मानेला आवळत असेल तर तो क्षणभर उचलून पाहा. चारही बोटांना हा दाब न शोधता सापडू लागेपर्यंत ६० ची लय सोडू नका. बार कॉर्ड पुढच्या आठवड्यात घेऊ.