रणगाड्याची प्रतिकृती – लेखांक नववा : झिमरिटचा गिलावा

रंगाचा विषय या आठवड्यात घ्यावयाचा असे ठरले होते. परंतु नगरहून आलेल्या एका पत्राने जो प्रश्न पुढे ठेवला आहे, त्याचा निकाल लावल्यावाचून रंगाच्या बाटलीला हात लावणे मला प्रशस्त वाटत नाही. पत्रलेखक विचारतात, की आपल्या जर्मन टायगर रणगाड्याच्या अंगावर जो रेघारेघांचा खडबडीत थर चढवावयाचे आपण योजिले आहे, तो नगरच्या रणगाडा संग्रहालयातील एकाही ब्रिटिश वा अमेरिकन रणगाड्यावर त्यांना आढळला नाही. इतकेच नव्हे, तर इंग्लंडात बॉव्हिंग्टन येथे जतन केलेल्या सुप्रसिद्ध टायगरच्या छायाचित्रांतही त्याचा मागमूस नाही. तेव्हा हा थर खेळण्यांच्या कारखानदारांच्या कल्पनेतून तर निघाला नाही ना?

नाही. थर खरा आहे, आणि तो न दिसण्याचे कारणही तितकेच खरे आहे. बॉव्हिंग्टनचा टायगर, ज्याच्या बुरुजावर १३१ हा क्रमांक आहे, तो एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागला. आणि झिमरिट नावाचा हा गिलावा जर्मन कारखान्यांतून रणगाड्यांवर चढू लागला तो त्याच वर्षाच्या उत्तरार्धात. म्हणजे आफ्रिकेतील वाळूत लढलेल्या कोणत्याही टायगरला तो लाभला नाही, आणि १९४४ च्या उन्हाळ्यात नॉर्मंडीत उतरलेल्या दोस्त सैन्यासमोर जे टायगर उभे राहिले, त्यांच्या अंगावर तो होता. दोस्त राष्ट्रांनी त्याचा स्वीकार कधीच केला नाही, म्हणून नगरच्या शर्मन किंवा चर्चिलवर तो शोधणे व्यर्थ होय. ज्या वाचकांनी आपल्या प्रतिकृतीसाठी ट्युनिशियाचा टायगर पसंत केला असेल, त्यांनी हा लेखांक केवळ माहितीखातर वाचावा. आपल्या लेखमालेतला टायगर मात्र १९४४ च्या वसंतात कासेल येथील हेन्शेल कारखान्यातून बाहेर पडलेला आहे, आणि त्याला गिलाव्याशिवाय रंग देणे म्हणजे इतिहासाशी प्रतारणा करणे आहे.

आता या गिलाव्याचे प्रयोजन. जर्मनांनी १९४२ च्या अखेरीस पायदळाच्या हाती एक चुंबकी सुरुंग दिला होता : सुमारे तीन किलो वजनाचा, तळाशी तीन जबरदस्त चुंबक असलेला, आणि आत पोकळ शंकूच्या आकाराची स्फोटक दारू भरलेला. सैनिकाने जिवावर उदार होऊन रणगाड्याच्या अगदी निकट जावे, तो चिलखताला चिकटवावा आणि पळ काढावा, अशी त्याची तऱ्हा. स्फोटाचा झोत शंभर मिलिमीटरहून जाड पोलादही भेदून आत जाई. स्वतःजवळ असे शस्त्र असल्यामुळे शत्रूही आज ना उद्या ते निर्माण करील, ही शंका जर्मन लष्करी खात्याच्या मनात बळावली, आणि तिच्यावर तोड म्हणून बर्लिनच्या झिमर रासायनिक कारखान्याच्या लेपाची तजवीज झाली.

पुष्कळांचा असा समज असतो, की या लेपात चुंबकाला प्रतिकार करणारे एखादे गूढ द्रव्य होते. वस्तुतः तसे काहीच नव्हते. त्यात शेकडा चाळीस भाग बेरियम सल्फेट, पंचवीस भाग पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, म्हणजे आपल्याकडील सुतार वापरतात त्या पांढऱ्या गोंदाच्या जातीचे द्रव्य, पंधरा भाग पिवडी, दहा भाग झिंक सल्फाइड आणि दहा भाग लाकडाचा भुसा असे. चुंबकाचे आकर्षण अंतराबरोबर अतिशय झपाट्याने घटते, एवढ्या एकाच निसर्गनियमावर साऱ्या योजनेची मदार होती. पोलाद आणि चुंबक यांच्यामध्ये काही मिलिमीटरांची फट पडली, की तीन किलोंचा सुरुंग उभ्या भिंतीवर टिकत नाही. आणि सबंध थर जाड केला तर वजन व खर्च वाढणार, म्हणून त्यावर उंचवट्यांच्या रेघा ओढावयाच्या : सुरुंग रेघांच्या माथ्यावर टेकतो, मधली जागा फुकटची मिळते. या युक्तीतील काटकसर मला आजही मोहविते.

अंमलबजावणीची रीत अशी, की पहिला हात सुमारे पाच मिलिमीटर जाडीचा थापीने द्यावयाचा व त्यावर थापीच्या कडेने चौकटी आखावयाच्या. दिवसभराने दुसरा, पातळ हात देऊन दातेरी फणीने त्यावर रेघा उठवावयाच्या. आणि मग ब्लोलँपची ज्योत फिरवून तो कडक करावयाचा. कारखान्याकारखान्यांच्या धाटणी वेगळ्या. टायगरवर आडव्या रेघांच्या ओळी. तर बर्लिनच्या आल्केट कारखान्यातून निघालेल्या तोफगाड्यांवर चौकटीचौकटींची जाळी. हा भेद इतका स्पष्ट असतो, की जाणकार निव्वळ गिलाव्यावरून गाडीचे जन्मस्थान सांगू शकतो.

आणि ज्या संकटासाठी हा सारा खटाटोप झाला, ते संकट आलेच नाही. रशियन किंवा ब्रिटिश पायदळाने चुंबकी सुरुंगाचा वापर म्हणण्यासारखा कधी केला नाही. तो केला जर्मनांच्याच मित्राने, जपानने. पॅसिफिक महासागरातील बेटांवर जपानी सैनिक अमेरिकन रणगाड्यांना तसे सुरुंग चिकटवीत, आणि अमेरिकन नौसैनिकांनी त्यावर जो उपाय काढला, तो आपल्या शर्मनच्या बाजूंना लाकडी फळ्या ठोकण्याचा होता. तत्त्व तेच, अंतर राखण्याचे. साधन मात्र जे हाताशी होते ते. सप्टेंबर १९४४ मध्ये जर्मनीत झिमरिट बंद करण्याचा हुकूम सुटला. गोळा लागला असता गिलावा पेट घेतो अशी वदंता पसरली होती. पुढे चाचण्यांत ती खोटी ठरली, तरी हुकूम परत फिरविला गेला नाही, कारण गिलाव्यापायी प्रत्येक गाडी कारखान्यात जास्त दिवस अडकून पडे, आणि त्या वेळी जर्मनीला दिवसांचीच वानवा होती.

आता आपल्या कामाकडे. आपली प्रतिकृती मूळ गाडीच्या पस्तिसाव्या हिश्श्याची, तेव्हा पाच मिलिमीटरांना पस्तिसाने भागले, की सुमारे ०.१४ मिलिमीटर उरतात. म्हणजे लिहिण्याच्या कागदाच्या दीड पानाइतकी जाडी. बहुतेक प्रतिकृतींचा घात इथेच होतो, कारण लांबी लावणाऱ्याचा हात सैल असतो आणि टायगरला गोधडी पांघरल्यासारखे रूप येते. दोन भाग मळून एकजीव करावयाची एपॉक्सी लांबी घ्यावी. प्लॅस्टिकचा पृष्ठभाग आधी बारीक पॉलिशपेपरने खरवडून घ्यावा, म्हणजे लांबी धरून राहते. चण्याएवढी गोळी ठेवून ती ओल्या बोटाने ताणीत ताणीत, खालचे प्लॅस्टिक जेमतेम झाकले जाईल इतकी पातळ करावी. अर्धा तास थांबून, ती बोटाला चिकटेनाशी झाली पण अजून मऊ आहे अशा अवस्थेत, घड्याळजीच्या चपट्या पेचकसाचे टोक पाण्यात बुडवून ओळीने ठसे उठवीत जावे. एका वेळी एकच बाजू हाती घ्यावी. माथ्याचे पत्रे, झाकणे आणि बाजूचे मडगार्ड सामान्यतः कोरे असत. ते तसेच राखावेत.

तामिया कंपनीने याच कामासाठी चिकटणारे तयार पत्रे काढले आहेत, आणि ते सुबक आहेत हे मी मान्य करतो. तथापि माझे मत त्यांच्या विरुद्ध आहे. खऱ्या गिलाव्यात कामगाराचा हात दिसतो : फणी जिथे उचलली तिथे ओळ तुटते, पुढची ओळ किंचित तिरकी सुरू होते, बिजागरीपाशी रेघा दाटीने येतात. पेचकसाने केलेल्या कामात ही विषमता आपोआप उतरते. छापील पत्र्यात ती उतरविता येत नाही.

लांबी पुरती कडक झाल्यावर, कोपऱ्यांवर आणि जिथे गाडी भिंतीला घासली असेल तिथे सुरीच्या टोकाने थोडे कपचे उडवावेत. आत पोलाद दिसणार नाही, कारण गिलावा अस्तराच्या तांबड्या रंगावर चढविला जात असे. म्हणून तिथे आपल्या लोखंडी जाळ्यांना लावतात त्या रेड ऑक्साइडच्या छटेचा ठिपका द्यावयाचा आहे. कपच्याची कड मात्र पिवडीच्या मळकट रंगाची राहील. या दोन्ही छटा आणि त्यांवरचा १९४३ च्या फेब्रुवारीत जारी झालेला गडद पिवळा मूळ रंग हे आता पुढील आठवड्यात घेऊ.

तोवर ज्यांनी पेचकस हाती घेतलेला नाही, त्यांनी जुन्या डब्याच्या प्लॅस्टिकवर एक तळहाताएवढा तुकडा करून पाहावा. आणि ज्यांचा गिलावा झाला आहे, त्यांनी तो पुरते दोन दिवस वाळू द्यावा.