लेव्हीचे हिमनिवारक यंत्र
कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील लेव्ही येथील उपकेंद्रात हायड्रो-क्वेबेक या सरकारी वीजसंस्थेने तारांवरचा बर्फ उतरवण्यासाठी जे यंत्र बसवले, त्याचे मूळ जानेवारी १९९८ च्या आपत्तीत आहे. तेव्हा जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवेचा थर ठाण मांडून होता. वरून पडणारे थेंब खालच्या थरात शून्य अंशाखाली जाऊनही द्रवरूपच राहत, म्हणजेच अतिशीत होत, आणि तारेला लागताच पारदर्शक, घट्ट कवचाच्या रूपाने गोठत. शेकडो पोलादी मनोरे कोसळले आणि १० लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. काहींना ती परत मिळण्यास महिना लागला.

या कवचाचे वजन जाडीपेक्षा वेगाने वाढते, हे ध्यानात घेतल्याखेरीज मनोऱ्यांचे कोसळणे समजत नाही. साडेतीन सेंटिमीटर व्यासाच्या तारेवर १ सेंटिमीटर जाडीचा थर बसला तर दर मीटरला सुमारे सव्वा किलो भार येतो, पण थर ३ सेंटिमीटर झाला की तोच भार साडेपाच किलोंवर जातो. एक मनोरा पडला की तारांचा ताण असमतोल होऊन शेजारचेही ओढले जातात.

हा बर्फ वितळवण्यास तारेचीच उष्णता कामी येते: तारेतून प्रवाह गेला की ती तापते आणि ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मात्र ७३५ किलोव्होल्टच्या वाहिनीत, जिचा वापर जगात प्रथम याच संस्थेने १९६५ मध्ये केला, दाब अतिशय उच्च असल्याने प्रवाह तुलनेने कमी असतो आणि तोही प्रत्येक फेजच्या, म्हणजे तारांच्या प्रत्येक गटाच्या, चार तारांत विभागला जातो, त्यामुळे नेहमीच्या वीजवहनाची ऊब अपुरी पडते. म्हणून वाहिनी सेवेतून काढून, दूरच्या टोकाला तिच्या तारा परस्परांना जोडून, एका फेजमधून जाणारा आणि दुसऱ्या फेजमधून परतणारा ७२०० अँपिअरपर्यंतचा प्रवाह सोडला जातो. तो एकदिश असतो, आणि यंत्राच्या रचनेतील खरी कल्पकता येथेच दिसते: सतत दिशा बदलणाऱ्या प्रत्यावर्ती प्रवाहाला लांब वाहिनीत तारेच्या साध्या रोधाहून कितीतरी मोठा चुंबकीय अडथळा होतो, तर एकदिश प्रवाहापुढे केवळ तो रोधच उरतो, ज्यातून हवी ती उष्णता निर्माण होते. प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर थायरिस्टर, म्हणजे अर्धवाहकांपासून बनलेले शक्तिशाली स्विच, करतात.

असे हिमवादळ क्वचितच येते, आणि २५० मेगावॅटचे यंत्र त्याची वाट पाहत पडून राहणे कोणत्याही संस्थेस परवडले नसते. म्हणून एरवी हेच थायरिस्टर जाळ्यातील विद्युतदाब स्थिर राखण्याच्या कामी येतात. यंत्राच्या कक्षेत मोजक्या मुख्य वाहिन्या येतात. घराघरांत जाणाऱ्या तारांना त्याचा थेट उपयोग नाही. त्यांच्यासाठी झाडांच्या फांद्या छाटणे आणि मजबूत खांब उभारणे हेच उपाय उरतात, तर मोठ्या वाहिन्यांवर ठराविक अंतराने असे भक्कम मनोरे उभारले जातात, की ज्यांच्यापाशी कोसळण्याची मालिका थांबावी.