जुन्या धुराड्यांतून नवा नळ

देहूरोड, किवळे, मामुर्डी या आमच्या बाजूस घरोघर गॅस आला, तरी लाकडाची चूल अद्याप सुटलेली नाहीं. स्नानाचें पाणी, गुरांचें अंबोण व कार्यप्रसंगींचा स्वयंपाक हीं कामें तिजवरच होतात. जुन्या घरांतून या चुलीवर विटांचें धुराडें बांधलेलें असतें. अलीकडे कित्येक शेतकरी बंधु त्याच जागीं तयार लोखंडी बंद चूल बसवितात व तिचें धुराचें तोंड धुराड्याखालीं मोकळें सोडतात. ही चाल घातक आहे. चूल व धुराडें यांची जोड कशी करावी, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम कारण पाहूं. नळांतील तापलेली हवा बाहेरच्या हवेहून हलकी असल्यामुळें वर चढते, व तिच्या मागोमाग नवी हवा विस्तवाकडे ओढली जाते. ही ओढ टिकण्यास धूर शेंड्यापर्यंत उष्ण राहिला पाहिजे. उघड्या चुलीकरितां बांधलेलें रुंद धुराडें बंद चुलीच्या थोड्या धुरास फार मोठें पडतें. धूर वाटेंतच निवतो, ओढ मंदावते, आणि काजळी व डांबरासारखा चिकट रस आंतून धरतो. हा थर पेटला म्हणजे विटांच्या भेगांतून आग वाशांपर्यंत पोहोंचते.

यास्तव चुलीच्या तोटीपासून छपरावरपर्यंत एकच अखंड नळ जुन्या धुराड्याच्या आंतून न्यावा. नळ तोटीच्याच मापाचा असावा. अरुंद तर नसावाच. स्टेनलेस स्टीलचा नळ उत्तम. जस्त चढविलेला पत्रा चुलीजवळ नको, कारण तो फार तापल्यास विषारी धूर सोडतो. ॲस्बेस्टॉसचे तंतु फुप्फुसांस अपायकारक ठरले आहेत, तेव्हां तो नळही वर्ज्य समजावा.

नळ सोडण्यापूर्वीं जुनें धुराडें घासून स्वच्छ करावें. नळाचे तुकडे जोडतांना वरच्या तुकड्याचें टोंक खालच्याच्या आंत बसवावें, म्हणजे ओघळलेला रस बाहेर न येतां चुलींत पडून जळतो. तापल्यावर नळ लांबतो. साध्या लोखंडाचा वीस फुटी नळ दोनशे अंश सेल्सिअसनें अधिक तापल्यास सुमारें अर्धा इंच वाढतो. म्हणून तो खालीं पक्का करावा व शेंड्याशीं सरकण्यास जागा ठेवावी. छपरांतून निघाल्यावर नळ निदान तीन फूट वर असावा, आणि दहा फुटांच्या आंतील आढ्याहून दोन फूट उंच असावा. मावळचा पाऊस ध्यानांत घेऊन वर टोपी अवश्य बसवावी.

सर्वांत महत्त्वाचा तो तोटीचा सांधा. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. हद्दीचा दगड हातभर चुकला तर केवढा तंटा होतो हें आम्हांस ठाऊक होतें, तरी घरच्या चुलीची बोटभर फट आम्हीं तशीच ठेविली. “धूर वरच जाणार” ही आमची समजूत. त्या फटींतून थंड हवा नळांत शिरून ओढ तुटली. एका पावसाळी सकाळीं बंद न्हाणीघरांत पाणी तापवितांना सूनबाईंचें डोकें जड झालें व त्या दाराशींच बसल्या. दार उघडून त्यांस तत्काळ अंगणांत आणलें, म्हणून निभावलें. अर्धवट जळणांतून उठणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं व वासही नाहीं. धूर फारसा दिसत नाहीं म्हणून निर्धास्त राहूं नये.

सांध्यास घट्ट पट्टी आवळावी व उष्णतेस टिकणारा मसाला भरावा. नुसतें शेणमातीचें लिंपण नळाच्या हालचालीनें तडकतें. नळ व विटा यांमधील पोकळी वर-खालीं पत्र्यानें बंद करावी. मग चूल पेटवून सांध्याभोंवतीं उदबत्ती फिरवावी. तिचा धूर आंत ओढला गेला तर तेथें फट आहे. बाहेर लोटला गेला तर ओढच नाहीं. तो स्थिर राहिला म्हणजे सांधा साधला.

वर्ध्याच्या मगनवाडींतील मगन चुलीपासून २००२ सालीं संपलेल्या सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमापर्यंत घर निर्धूर करण्याचे अनेक प्रयत्न झाले. परंतु नळ कोंदला म्हणजे चांगली चूलही निकामी होते. सबब मृगापूर्वीं शाकारणीच्या वेळीं, व रोजचा वापर असल्यास महिन्यांतून एकदां, काथ्याचा कुंचा दोरीस बांधून नळांत फिरवावा, सुकें लाकूडच जाळावें, आणि न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवावी. खर्च थोडा आहे. राखावयाचीं तीं माणसें आपल्याच घरचीं आहेत.