महासाथीनंतरची मानसिक आरोग्यसेवा

सन २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागू झाली आणि गोव्याच्या किनाऱ्यावरील गजबज थांबली. हॉटेले व टॅक्सी बंद पडल्या. अनेक तारवटी जहाजांवरच अडकून पडले व घरची माणसे वाटेकडे डोळे लावून बसली. कोविडची साथ पुढे ओसरली. परंतु झोप न लागणे, जीव घाबरणे, कशातच मन न रमणे, ही तिची मागे राहिलेली बाजू रुग्णसंख्येच्या दैनिक तक्त्यात कधी आलीच नाही. साथीच्या पहिल्याच वर्षी चिंताविकार व नैराश्य यांचे जगातील प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये नमूद केले.

सेवेतील उणीव मात्र साथीपूर्वीची आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला; तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, बहुतेक मानसिक विकारांत दहांपैकी सात वा अधिक रुग्ण उपचारांवाचून असल्याचे आढळले. तज्ज्ञांची संख्या थोडी, हे एक कारण. घरातले दुखणे चारचौघांत सांगण्याची लाज, हे दुसरे. गावात प्रथम देवाचा कौल घेतला जातो. त्यात गैर काही नाही. मात्र तोवर उपचार थांबवून ठेवणे रुग्णाच्या हिताचे नसते.

तज्ज्ञांच्या कमतरतेवरील एक मार्ग गोव्यातच तपासून पाहण्यात आला होता. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रे व खासगी दवाखाने मिळून २४ ठिकाणी ‘मानस’ नावाची चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना दोन महिन्यांचे प्रशिक्षण देऊन समुपदेशक नेमण्यात आले. रुग्णाचे ऐकून घेणे, आजार समजावून सांगणे, औषधात खंड पडू न देणे, हे त्यांचे काम. असे समुपदेशक असलेल्या सरकारी केंद्रांत, आजाराचे निदान झालेल्यांपैकी ६५.९ टक्के रुग्ण सहा महिन्यांनी बरे झालेले आढळले. इतर सरकारी केंद्रांत हे प्रमाण ४२.५ टक्के होते. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे.

साथीनंतर केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनीसेवा सुरू केली. (वरील चाचणीशी नावाचे साम्य आहे, इतकेच.) १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य व मराठीतूनही बोलता येते, समुपदेशक प्रथम ऐकून घेतो व गरजेप्रमाणे मनोविकारतज्ज्ञाशी जोडून देतो. सेवा उपयुक्त आहे. तथापि नैराश्याने खचलेला मनुष्य स्वतःहून क्रमांक फिरवील, हे गृहीत धरणे धाडसाचे ठरेल. त्याच्या दाराशी जाणारी आरोग्यसेविका, किंवा वर्गात अबोल झालेले मूल ओळखणारा शिक्षक, यांची जागा यंत्र घेऊ शकत नाही. गोव्यातील चाचणीचे महत्त्व आज आहे ते यासाठी.

कायद्याचीही माहिती सर्वांस असावी. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. त्यान्वये आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, मानले जाते व तिच्यावर खटला चालविला जात नाही. उलट तिची शुश्रूषा व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य ठरते. म्हणून पोलिसांच्या धाकाने असा प्रसंग घरातच दडवून ठेवण्याचे कारण नाही. रुग्णास विनाविलंब जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे. पुढील उपचारांसाठी बांबोळी येथे मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेचे शासकीय रुग्णालय आहे.