हिंगोलीच्या जमिनीची थरथर

वसमत तालुक्यातलं पांगरा शिंदे गेली काही वर्षं जमिनीतून येणाऱ्या ‘गूढ’ आवाजांसाठी बातम्यांत आहे. त्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळच्या दुधाळा शिवारात, ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे, आणि तिला हवी अत्यंत शांत जमीन. चार किलोमीटर लांबीच्या भुजांच्या टोकांशी टांगलेल्या आरशांची प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहून सूक्ष्म हालचालही तिथं कळली पाहिजे. मग ही जमीन शांत की अशांत? माझ्या मते हा पेच अंदाजातून येतो, मोजायला बसलं की सुटतो. जागा निवडताना ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या पाहणीत भूकंपमापक ठेवून नोंदी घेतल्या गेल्या. त्यात पाहायची असते ती रात्रंदिवस चालणारी बारीक थरथर : समुद्राच्या लाटांची काही सेकंदांना एक अशी संथ, रस्ते-रेल्वेची सेकंदाला काही वेळा होणारी. भूकंप मात्र काही मिनिटांत ओसरतो.

फेब्रुवारी 2016 मध्ये प्रकल्पाला तत्त्वतः मंजुरी मिळाली आणि एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटींची अंतिम. त्यानंतर 21 मार्च 2024 च्या सकाळी 4.5 आणि 3.6 तीव्रतेचे दोन धक्के बसले, 10 जुलैला पुन्हा 4.5 चा. निवड चुकली, असं काहींना वाटणं साहजिक आहे. पण अमेरिकेतल्या हॅनफर्डच्या लायगोनेही 2001 मध्ये 6.8 तीव्रतेचा निस्क्वाली भूकंप सोसला, आणि 14 सप्टेंबर 2015 ला पहिली गुरुत्वीय लहर टिपणाऱ्या दोन वेधशाळांत तीच होती. वारंवारचे छोटे धक्के निरीक्षणाचा वेळ खातील हे खरंच. किती खातील, तेही मोजूनच ठरवावं लागेल.

आवाजाचंही तेच. उथळ, लहान भूकंपाची वेगवान कंपनं पृष्ठभागाशी पोचली की जमीन लाउडस्पीकरच्या पडद्यासारखी हवेला ढकलते आणि गडगडाट ऐकू येतो. पत्र्याखाली झोपणाऱ्याला या आकड्यांचा काय उपयोग, असं कुणी विचारेल. त्याने किल्लारीकडे पाहावं. तिथं 1992 मध्येच धक्के जाणवत होते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात दगडमातीच्या जड भिंती कोसळून हजारो माणसं गेली. आधीच्या धक्क्यांवरून पुढच्या भूकंपाची तारीख सांगता येत नाही, पण कुठली गावं हलतात ते कळतं, आणि मग कुठली घरं आधी पक्की करायची ते ठरवता येतं. मार्च 2024 च्या धक्क्यांनंतर प्रशासनाने लोकांना पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्यायला सांगितलं होतं.