‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे!

घरातून बाहेर पडताना ‘जातो’ म्हणायचे नाही, ‘येतो’ म्हणायचे, हे आपल्याकडे नुकत्या बोलू लागलेल्या पोरालाही शिकवतात. दुकानदार रात्री दुकान ‘बंद’ करीत नाही, ‘वाढवतो’. हातातली बांगडी फुटत नाही, ‘वाढते’. जाणे, थांबणे, संपणे यांचा नुसता उच्चारही ऐकणाऱ्याच्या मनाला लागू नये, एवढी काळजी घेणारी ही आपली भाषा! आणि ती बोलणारी आपण मंडळी उन्हाळ्याच्या सुटीवर जाताना ई-मेलवर जो निरोप ठेवून जातो, तो मात्र वाचवत नाही.

त्याचा अनुभव आपणांपैकी पुष्कळांना असेल. मे महिन्यात आपण एखाद्या कचेरीला चार ओळींचे पत्र धाडावे आणि निमिषार्धात उत्तर यावे! केवढी ही तत्परता, म्हणून हर्षभरित होऊन ते उघडावे, तो आत इंग्रजीतली दोन कोरडी वाक्ये. मी कार्यालयात नाही. माझा ई-मेलशी संपर्क मर्यादित राहील. बस्स! गृहस्थ केव्हा परत येणार, आपले काम तोवर कोण पाहणार, याचा पत्ता नाही. दारावर कुलूप असावे आणि कुलपावर ‘हे कुलूप आहे’ अशी चिठ्ठी डकवलेली असावी, तशातला प्रकार!

या आपोआप जाणाऱ्या उत्तराला सगळे ‘आउट ऑफ ऑफिस’ म्हणतात. मला विचाराल तर ‘सुटीचा निरोप’ हा शब्द काही वाईट नाही. निरोप म्हणजे सांगावा, आणि निरोप म्हणजे रजा घेणेही. दोन्ही अर्थ एकाच शब्दात बसतात, आणि या पत्राचे कामही नेमके तेच आहे.

ही युक्ती तशी जुनी आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेत बर्कले येथील विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी ‘व्हेकेशन’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. धनी सुटीवर असताना आलेल्या पत्रांना त्याच्या वतीने उत्तर देणे, एवढेच त्याचे काम. परंतु त्यात एक शहाणपण होते. एकाच माणसाने रोज दहा पत्रे पाठवली, तरी त्याला आठवड्यातून एकदाच उत्तर जाई. कारण उघड आहे. समजा, दोन स्नेही एकाच वेळी सुटीवर आहेत आणि दोघांचीही यंत्रे आज्ञाधारक आहेत. एकाने म्हणावे ‘मी नाही’, दुसऱ्याने उत्तर द्यावे ‘मीही नाही’, त्यावर पहिल्याने पुन्हा म्हणावे ‘मी नाही’. हा संवाद प्रलयकाळापर्यंत चालायचा! म्हणून यंत्राने यंत्राला उत्तर देऊ नये, अशा अर्थाच्या शिफारशी इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या मंडळींनी २००४ साली रीतसर प्रसिद्ध केल्या. आजही जीमेलवर हा निरोप ठेवलात, तर तोच माणूस पुन्हा पुन्हा लिहू लागला तरी त्याला चार दिवसांतून फार तर एकदाच उत्तर जाते. घरच्या मोलकरणीला सुद्धा ‘आलेल्याला एकदाच सांग, सारखे सारखे नको’ असे बजावावे लागते. यंत्राला ते मुळातच शिकवलेले आहे.

यंत्र असे शिकलेले आहे. प्रश्न आपला आहे.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, दुपारी गुलमंडीसारखा गजबजलेला भागही ओस पडतो आणि ज्याला शक्य असेल तो महाबळेश्वर, कोकण, निदान जवळचे म्हैसमाळ गाठतो. त्याबद्दल तक्रार कोणी करावी? परंतु नेमक्या याच दिवसांत बारावीचे निकाल लागतात, प्रवेशाचे अर्ज निघतात, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, दाखले यांची धावपळ सुरू होते. म्हणजे ज्याच्याकडे कागद आहे तो सुटीवर, आणि ज्याला कागद हवा आहे तो घायकुतीला आलेला!

माझ्या एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगतो. सोयगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली ही मुलगी. घरात महाविद्यालयाचे तोंड पाहणारी पहिलीच. पुढच्या शिक्षणासाठी तिला एका कचेरीचे एक पत्र हवे होते. तिने अत्यंत अदबीने ई-मेल लिहिली. उत्तर नाही. चार दिवसांनी पुन्हा लिहिली. उत्तर नाही. तिसऱ्यांदा लिहिताना तिने ‘माझे काही चुकले असल्यास क्षमा असावी’ असेही लिहिले. नऊ दिवस गेले, तेव्हा आपल्याला नकारच मिळाला असे धरून तिने अर्ज करण्याचा विचार सोडून दिला होता. वडिलांना ते पटेना. ते तिला घेऊन पहाटेच्या एस.टी.ने शहरात आले. चौकशी करता कळले, की संबंधित अधिकारी सुटीवर आहेत. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी ते पत्र दहा मिनिटांत करून दिले.

त्या अधिकाऱ्यांनी कोणाचे वाईट चिंतिले नव्हते. सुटीवर जाणे हा त्यांचा हक्कच. परंतु ‘मी अमुक तारखेपर्यंत नाही, हे काम माझ्या शेजारी होते’, एवढे एक वाक्य त्यांच्या मागे राहिले असते, तर एका मुलीचे नऊ दिवस आणि बापाची एका दिवसाची मजुरी वाचली असती. आपण शहरातली माणसे उत्तर आले नाही तर ‘विसरला असेल’ असे म्हणून फोन उचलतो. ज्याला फोन करण्याचा धीर होत नाही, त्याला मौन म्हणजे नकार वाटतो. सुटीचा निरोप खरा लिहायचा असतो तो त्याच्यासाठी.

पत्र वाचणाऱ्याकडे पाहून लिहावे, ही गोष्ट या भूमीला नवी नाही. आमच्या शहरापासून जेमतेम पंधरा किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला आहे. तेराव्या शतकात तेथे यादवांच्या दरबारी हेमाद्री पंडित श्रीकरणाधिप होता, म्हणजे आजच्या भाषेत सचिवालयाचा प्रमुख. दरबारी लेखनाची शिस्त लावणारी, कोणाला कसे संबोधावे याचे नियम सांगणारी ‘मेस्तके’ परंपरेने त्याच्या नावावर आहेत. पुढे शतकानुशतके मराठी पत्रांत वडिलांना ‘तीर्थस्वरूप’, धाकट्याला ‘चिरंजीव’, मान्यवरांना ‘राजमान्य राजश्री’ अशी पायरी पाहून सुरुवात होत राहिली. आज ते मायने लिहा, असे मी म्हणणार नाही. परंतु वाचणारा कोण, हे आधी मनात आणायचे, ही त्यामागची दृष्टी आजही घेण्यासारखी आहे. आउटलुकमध्ये तर कचेरीतल्या सहकाऱ्यांना एक आणि बाहेरच्यांना दुसरा असे दोन निराळे निरोप ठेवण्याची सोय आहे. हेमाद्रीला ती नक्की आवडली असती!

मग चांगल्या निरोपात काय असावे? माझ्या मते चार गोष्टी पुरेत. पत्र पोचल्याची पोच. परत येण्याची तारीख. तोवर काम कोण पाहील ते. आणि शेवटी माणुसकीचा एक शब्द. वाळूजच्या एका कारखान्यात नोकरी करणारे आमचे एक स्नेही आहेत. त्यांचा पत्रव्यवहार जर्मनीशी. तिकडची उन्हाळ्याची सुटी येते जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे आपल्याकडे श्रावणसरी कोसळत असतात तेव्हा. ते म्हणतात, ‘जर्मन माणसाच्या निरोपात गोडवा कमी असेल, पण तारीख आणि बदली माणसाचे नाव यांवाचून तो सुटीवर जात नाही.’ आपण त्यात थोडा गोडवा घालायचा, इतकेच.

कचेरीतल्या माणसाने असे लिहावे:

‘नमस्कार. आपले पत्र पोचले. मी ६ मे ते १७ मे रजेवर आहे. १८ तारखेपासून सर्व पत्रे आलेल्या क्रमाने पाहीन. बिलासंबंधी काही असेल तर आमच्या हिशेब विभागाला लिहावे. तेथे कल्पना देऊन ठेवली आहे. बाकी कामांसाठी थोडी कळ सोसावी, ही विनंती.’

माझ्यासारख्या मास्तराने असे:

‘विद्यार्थी मित्रांनो, सुटी लागली आहे. शिफारसपत्र हवे असेल तर विषयाच्या ओळीत शेवटची तारीख लिहा. तेवढी पत्रे मी दर सोमवारी उघडतो. दाखल्यांसाठी महाविद्यालयाच्या कार्यालयात जावे, ते उघडे आहे. निकाल चांगला लागला असेल तर अवश्य कळवा. वाईट लागला असेल तर त्याहून अवश्य कळवा.’

आणि घरगुती डबे देणाऱ्या एखाद्या वहिनींनी, व्हॉट्सॲपच्या व्यवसायाच्या आवृत्तीत अशा निरोपाची सोय आहे तिचा लाभ घेऊन, असे लिहायला हरकत नाही:

‘मंडळी, १ ते १० मे डबा मिळणार नाही. लेकीकडे बारसे आहे. ११ तारखेला सकाळी नेहमीच्या वेळी डबा दारात येईल. तोवर पोटाला जपा. येते हं!’

गोडवा म्हणजे विनोदाची आतषबाजी मात्र नव्हे. ‘तुम्ही उन्हात घामाघूम होत असाल तेव्हा मी समुद्रावर शहाळे पीत असेन’, असे लिहिणारे महाभाग आहेत. मित्राला ते वाचून हसू येईल. ज्याचे बिल तीन महिने अडले आहे, त्याला येणार नाही. शिवाय कुटुंब कोठे चालले आहे, घरी कोणी आहे की नाही, हे जगजाहीर करण्यात चोराचीच सोय. तारीख सांगावी, ठिकाण सांगू नये. जीमेलमध्ये आपल्या ओळखीच्या पत्त्यांनाच उत्तर जावे अशीही सोय आहे. ज्यांचा पत्रव्यवहार केवळ घरगुती आहे, त्यांनी ती अवश्य वापरावी.

भाषेविषयीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात रस्त्यावरच्या पाट्या इंग्रजी आणि वेल्श अशा दोन भाषांत असतात. २००८ साली स्वान्सी येथील नगरपालिकेने अवजड वाहनांना बंदी करणाऱ्या पाटीचा मजकूर वेल्श भाषांतरासाठी ई-मेलने धाडला. लगेच वेल्शमध्ये उत्तर आले. तेथे कोणाला वेल्श येत नसावी. त्यांनी ते जसेच्या तसे पाटीवर रंगवून रस्त्यावर उभे केले. त्याचा अर्थ निघाला: ‘मी सध्या कार्यालयात नाही. भाषांतराचे काम असल्यास पाठवावे!’ भाषांतरकार महाशय सुटीवर होते, आणि त्यांचा निरोप भर रस्त्यात वाहनांना सूचना देत उभा होता. आपण यातून घ्यायचे ते इतकेच, की निरोप वाचणाऱ्याला कळणाऱ्या भाषेत हवा. आपल्याकडे वर मराठी आणि खाली इंग्रजी लिहिले, तर मुंबई-दिल्लीच्या साहेबांचेही काम भागेल आणि सोयगावच्या मुलीचेही.

आता राहिली सर्वांत अवघड गोष्ट. निरोप लिहिल्यावर तो पाळायचा! ‘रजा’ हा शब्द अरबीतून आला; त्याचा मूळ अर्थ संमती. ‘सुटी’ मात्र आपल्या ‘सुटणे’ या धातूची लेक. रजा दुसरा देतो. सुटायचे आपले आपल्यालाच असते. ‘तातडीचे असल्यास केव्हाही फोन करावा’ असे निरोपात लिहिणाऱ्याला रजा मिळालेली असते, सुटी नव्हे. तो महाबळेश्वरच्या पॉइंटावर उभा राहून हिशेबाचे आकडे सांगतो आणि बायकोमुले सूर्यास्त पाहतात.

इतर देशांत याचा विचार बराच पुढे गेला आहे. जर्मनीत डाइमलर या मोटार कंपनीने २०१४ साली अशी सोय केली, की सुटीवरच्या माणसाला आलेले पत्र हवे तर आपोआप पुसले जावे आणि पाठवणाऱ्याला बदली माणसाचा पत्ता कळावा. परतल्यावर पत्रांचा डोंगर नाही! फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर संपर्कातून मोकळे राहण्याचा हक्क २०१७पासून कायद्यात आला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत अशाच आशयाचे खासगी विधेयक मांडले होते; त्याचा कायदा काही झाला नाही. परंतु कायदा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. ज्याचे नाव आपण बदली म्हणून देतो, त्याला आधी विचारावे, कामाची माहिती द्यावी, आणि पुढे तो सुटीवर गेला की आपण त्याच्या जागी उभे राहावे. दोन टेबलांमधला हा शेजारधर्म पाळला, की सुटीतल्या फोनची गरज निम्म्याने कमी होते.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा उन्हाळा दूर असेल, परंतु दिवाळीची सुटी तर दारातच आहे. फराळाचे डबे भरून झाले, बॅगा बांधून झाल्या, की निघण्यापूर्वी पाच मिनिटे काढावीत. आपण नसताना कोण कोण आपल्याला लिहील ते आठवावे. त्यांतला सर्वांत अडलेला आणि सर्वांत भिडस्त माणूस डोळ्यांपुढे आणावा आणि त्याला उद्देशून चार ओळी लिहाव्यात. तारीख टाकावी, शेजारच्याचे नाव टाकावे, खाली ‘येतो’ असे लिहावे. आणि मग खुशाल निघावे!